जून ते दिवाळीची शाळा

तिसरीच्या परिसर अभ्यासाचे पुस्तक बालभारतीने जिल्ह्याजिल्ह्यांसाठी वेगळे काढले. धाराशिवच्या मुलाला त्यात आपलेच तालुके, आपल्याच नद्या दिसाव्यात, हा हेतू. पुस्तक असे जिल्ह्यापर्यंत आले, पण वर्ग तिथून पुढे शिवारापर्यंत सहसा जात नाही. बाहेर मृगाचा पाऊस पडत असतो आणि आत फळ्यावर जलचक्राची आकृती काढलेली असते. मराठीच्या तासाला पावसाची कविता, गणिताच्या तासाला भलतीच उदाहरणे आणि परिसर अभ्यासाला बाष्पीभवनाची व्याख्या. तिन्ही तासांची एकमेकांशी ओळखच नसते.

ती करून द्यावी म्हणून एक विषय धरायचा आणि महिना-दोन महिने सगळा अभ्यास त्याच्याभोवती गुंफायचा, अशी एक पद्धत आहे. शिक्षक तिला ‘थीम’ म्हणतात. २०२१ पासून राज्याने पहिलीसाठी चार भागांतली एकात्मिक पुस्तके आणली, त्यामागेही हाच विचार होता. दप्तराचे ओझे हलके झाले हे पालकांना लगेच दिसले. विषय खरोखर एकत्र आले का, हे मात्र वर्गात बसल्याशिवाय कळण्यासारखे नव्हते.

धाराशिवमध्ये हा प्रश्न हौसेचा नाही. नीती आयोगाने २०१८ मध्ये निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातले चार होते: नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि तेव्हाचे उस्मानाबाद. अशा जिल्ह्यातल्या दोन शिक्षकी शाळेने वर्षभर थीम चालवाव्यात, की आधी वाचन आणि पाढे पक्के करावेत? शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी यावर हमखास दोन तट पडतात. त्यातली दोन माणसे इथे समोरासमोर बसवली आहेत. एक आहेत लोहारा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या मॅडम, दुसरे निवृत्त केंद्रप्रमुख गुरुजी. दोघेही या लेखापुरती घडवलेली पात्रे आहेत. त्यांचे म्हणणे मात्र जिल्ह्यातल्या कुठल्याही शिक्षकाला ओळखीचे वाटेल.

मॅडमनी वर्षाचे चार तुकडे केले आहेत. पाऊस, घर, ताट आणि वाट. जून ते ऑगस्ट पाऊस. सप्टेंबर-ऑक्टोबर घर. दिवाळीनंतर ताट, कारण तेव्हा वेळ अमावस्या येते. आणि शेवटी वाट, म्हणजे रस्ते, बाजार, प्रवास.

“नावं गोड आहेत,” गुरुजी म्हणाले. “पण यात वाचन कुठं बसतं, ते दाखवा. २०२४ चा ‘असर’ अहवाल बघितलात ना? ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या ४८.८ टक्के लेकरांना दुसरीचा मजकूर वाचता आला. म्हणजे निम्म्याहून जास्त लेकरांना नाही आला. असल्या लेकरांना घेऊन तुम्ही ओढ्याला जाणार?”

“ओढ्याला नाही गुरुजी, शाळेच्या आवारातच. बाटलीचा वरचा भाग कापायचा, उलटा बसवायचा, झालं नरसाळं. तळ सपाट नसतो म्हणून आधी थोडी खडी आणि पाणी घालून शून्याची रेघ मारायची. रोज परिपाठाआधी एकानं माप घ्यायचं आणि फळ्यावर लिहायचं. कालचा किती, आजचा किती, एकूण किती. ही बेरीज चुकली की दुसरा ओरडतो, मला तपासावी लागत नाही.”

“बरं, पुढं?”

“पुढं पेरणी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. आमची लेकरं घरी जाऊन बापाला सांगतात, अजून चाळीसच झालाय. बाप ऐकतो असं नाही, पण हिशेब घरात जातो. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी, मग पंचनामे, हे तर लेकरांना घरच्या बोलण्यातूनच माहीत असतं. मी फक्त विचारते, ६५ म्हणजे किती पाणी? एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. आपल्या वर्गाचं छत ५० चौरस मीटर धरा. झाले ३,२५० लिटर. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभं राहिलेलं लेकरू हा आकडा विसरत नाही.”

गुरुजींना गणित पटले, पण त्यांनी बोट दुसरीकडे ठेवले. हा गुणाकार वर्गातल्या हुशार चौघांनी केला असणार. उरलेल्यांनी बाटलीभोवती उभे राहून माना डोलावल्या असतील. थीममध्ये मागे पडलेले मूल लपायला जागा मिळते, पाढे म्हणायला उभे केले की लपता येत नाही. हा आक्षेप वाटतो तितका जुनाट नाही. गटात काम चालले असताना कोण काय शिकले, हे पाहायला शिक्षकाला मोकळे डोळे लागतात, आणि पहिली ते चौथी दोघांत वाटून घेतलेल्या शाळेत एकेका शिक्षकाच्या समोर दोन-दोन इयत्ता असतात.

“म्हणूनच तर थीम,” मॅडम म्हणाल्या. “चार इयत्तांचे चार वेगळे पाठ दोघांनी कधी घ्यायचे? पाऊस एकच. पहिलीचं लेकरू पावसाची चित्रं काढतं आणि शब्द ओळखतं, दुसरीचं आकडे वाचतं, तिसरी-चौथीचं तक्ता करतं.”

यावर गुरुजी थोडे थांबले. मग त्यांनी जुना हिशेब काढला.

“ताई, हे सगळं एकदा होऊन गेलंय. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद भरली, गांधीजींनी नई तालीम मांडली, झाकीर हुसेन समिती नेमली. उद्योगातून सगळे विषय शिकवायचे. कापूस, सूत, माती, शेती. त्याला ‘समवाय’ म्हणायचे. कल्पना मोठीच होती. पण गावोगाव पोचेपर्यंत काय उरलं? टकळी. शिक्षकाला वरून हुकूम, की सूतकताईशी भूगोल जोडा, इतिहास जोडा, कविता जोडा. जुळत नसलं तरी जोडा. तुमच्या थीमचंही तेच होईल. पावसावर कविता, पावसावर गाणं, पावसावर नाच, आणि भागाकार राहून जाईल.”

“अमेरिकेत किलपॅट्रिकनं प्रकल्प पद्धतीवर लिहिलं १९१८ मध्ये,” मॅडम म्हणाल्या. “आपल्याकडं डी.एड.ला त्याच्या पायऱ्या पाठ करायला लावतात, प्रकल्प एकही करायला लावत नाहीत. पण गुरुजी, टकळीवरच गोष्ट संपत नाही. लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढलं आणि मराठी माध्यमात, साध्या साधनांत हे करून दाखवलं. सेवाग्रामला आनंद निकेतन पुन्हा उभं राहिलं. तिथं शेतीतून, स्वयंपाकातून शिकवतातच की.”

“तिथं शिक्षक टिकतो. तुमची बदली ऑनलाइन निघाली की तुमचा पाऊस तुमच्याबरोबर गेला! नवीन येणारा पहिल्या दिवशी विचारणार, घटक नियोजन कुठंय?”

गुरुजींचा हा टोला वर्मी बसणारा आहे. प्रयोगशील शाळांची उदाहरणे देताना आपण शिक्षकाची निवड, त्याची वर्षानुवर्षांची सोबत आणि समजून घेणारे पालक हे सगळे गृहीत धरतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत यातले काही हातात नसते. तिथे वर्षाची आखणी एका माणसाच्या उत्साहात न राहता शाळेच्या कपाटात राहायला हवी. मागच्या तीन पावसाळ्यांच्या नोंदींची वही नव्या शिक्षकाला मिळाली, तर त्याला सुरुवात शून्यातून करावी लागत नाही. इतकी साधी गोष्ट आहे, आणि नेमकी तीच होत नाही.

खरा वाद ‘घर’ या विषयावर झाला.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. भूकंप किल्लारीच्या नावाने ओळखला जातो आणि किल्लारी लातूर जिल्ह्यात आहे. पण सास्तूर आणि आसपासची गावे धाराशिवची, आजच्या लोहारा तालुक्यातली. मृतांचा आकडा दहा हजारांच्या जवळ गेला. दोन्ही जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. मॅडमच्या शाळेतली मुले अशाच गावातली. त्यांची घरे सरळ रेषेत, प्लॉट पाडलेली. जुने गाव म्हणजे दूरवर दिसणारी बाभळी आणि दगडांचे ढीग.

“आठ वर्षांच्या लेकराला तुम्ही मरण शिकवणार?” गुरुजींचा आवाज चढला. “मी त्या वर्षी नोकरीत होतो. तंबूत, पत्र्याखाली वर्ग घेतलेत. शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे बाराशे लेकरं शिकायला पुण्याला नेली. जी मागं राहिली, त्यांच्या आया रात्री घरात झोपायला तयार नव्हत्या. ती माणसं आज आजी-आजोबा आहेत. त्यांना नातवंडांकरवी प्रश्न विचारायला लावता?”

“मरणाचा प्रश्न आम्ही विचारतच नाही. भिंतीचा विचारतो,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “आजी, जुन्या घराची भिंत किती हात रुंद होती? कशात बांधली होती? माळवदावर माती किती होती? आज्या स्वतःहून सांगतात, की दरसाल पावसाळ्याआधी वरून पांढरी माती टाकायची, म्हणजे गळत नाही. दरसाल टाकायची, पण आधीची काढायची नाही. मग लेकरंच विचारतात, एवढं ओझं कशावर उभं होतं? दगड आणि चिखल. इथपर्यंत आलं की माणसं का दबली हे सांगावं लागत नाही. आणि पुढचा प्रश्न लगेच येतो, मग आपलं आताचं घर कसं आहे? टेप घेऊन मोजतात. लांबी, रुंदी, खिडक्या, सिमेंटचे पट्टे. चौथीचा क्षेत्रफळाचा धडा तिथंच होतो.”

“आणि वाचन?”

“आजी जे बोलली ते लेकरू सांगतं, मी फळ्यावर लिहिते, मोठी मुलं वहीत उतरवतात. दहा-बारा ओळी होतात. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर वाचायचा. स्वतःच्या आजीचं बोलणं वाचायला कंटाळा करणारं लेकरू मी अजून बघितलं नाही. अडखळतं, पण सोडत नाही.”

“बोली तशीच ठेवता?”

“आजीची बोली तशीच. खाली पुस्तकी मराठीत तेच पुन्हा.”

गुरुजींनी मान हलवली. होकाराची की नुसती ऐकल्याची, ते स्पष्ट नव्हते. वाचनाच्या आक्षेपाला इतके सरळ उत्तर त्यांनी अपेक्षिले नसावे. लोहारा तालुक्यातल्याच हराळीला ज्ञान प्रबोधिनीने भूकंपानंतर काम उभे केले, तिथली निवासी शाळा आजही शेती आणि शिक्षण एका आवारात चालवते. भूकंपाच्या मातीत शिक्षणाचा प्रयोग रुजला नाही असे कुणी म्हणू नये. पण हराळीचे मूल वसतिगृहात राहते, आणि मॅडमचे मूल संध्याकाळी शेळ्या घेऊन जाते.

मग बोलणे प्रदर्शनावर घसरले, आणि दोघांचे प्रथमच एकमत झाले. २०१० च्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या शासन निर्णयाने ‘प्रकल्प’ हे आकारिक मूल्यमापनाचे एक साधन ठरवले. त्याला गुण आले. गुण आल्याबरोबर थर्माकोल आला. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आली तरी प्रकल्पाचे किल्ले, ज्वालामुखी आणि सूर्यमाला काही थांबल्या नाहीत. रात्री अकरा वाजता आई कात्री चालवते, काका तालुक्याहून रंगीत प्रिंट आणतात आणि सकाळी मूल ते ओझे सांभाळत शाळेत येते. शाळा फोटो काढून गटावर टाकते. अशा प्रकल्पाला गुरुजी ‘पालकांची परीक्षा’ म्हणतात. मॅडमना त्यावर वाद घालायचा नव्हता.

“माझी एकच अट,” त्या म्हणाल्या. “घरून काही करून आणायचं नाही. जे होईल ते शाळेत, लेकरांच्या हातानं, आणि वेडंवाकडं.”

गुरुजी हसले. पण त्यांचा शेवटचा मुद्दा अजून यायचा होता, आणि या सगळ्या चर्चेतला सर्वांत जड मुद्दा तोच होता.

“तुमचं वर्ष जून ते एप्रिल. बालाघाटाच्या अंगाला या, कळंब, वाशी, भूमकडं. तिथल्या कितीतरी लेकरांचं वर्ष जून ते दिवाळी. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी टोळीनं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. लेकरू बरोबर जातं. कोपीवर धाकट्याला सांभाळतं, वाढं गोळा करतं. परत येतं तेव्हा शाळेची परीक्षा जवळ आलेली असते. शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास सांगतो. या लेकराच्या वाट्याला जेमतेम निम्मे येतात. तुमचं ताट आणि तुमची वाट त्याला कधी मिळणार?”

मॅडमनी हंगामी वसतिगृहाचे नाव घेतले. आजी-आजोबा गावात असतील तर मूल मागे राहते, शाळेतच त्याच्या जेवणाची सोय होते. शिक्षण हमी पत्रक घेऊन ते कारखान्याच्या गावातल्या शाळेतही बसू शकते. गुरुजींनी दोन्ही ऐकून घेतले. वसतिगृह वेळेवर सुरू झाले तर उपयोगाचे, म्हणाले. पत्रक तर मुलाबरोबर पत्र्याच्या पेटीत जाते आणि बहुतेकदा पेटीतच परत येते.

“मग मी त्याला वही देईन,” मॅडम म्हणाल्या. “दिवसाला किती मोळ्या बांधल्या, गाडीत किती टन भरला, किती अंतर गेलो. ऊस हीच त्याची थीम.”

“नऊ वर्षांचं लेकरू पहाटे उठून थंडीत बापामागं चालतं, आणि रात्री तुम्ही त्याला मोळ्यांचा तक्ता करायला लावणार? ताई, ते लेकरू तिथं मजूर आहे. त्याच्या मजुरीचा प्रकल्प करू नका.”

इथे मॅडमकडे उत्तर नव्हते आणि त्यांनी ते शोधण्याचा आवही आणला नाही. मुलाच्या अनुभवातून शिकवावे हे खरे. पण काही अनुभव मुलाला यायलाच नकोत, आणि त्यांना अभ्यासक्रमात सजवून बसवणे म्हणजे ते मान्य करणे. बहुतेक शैक्षणिक चर्चा या रेषेपाशी येत नाहीत, कारण ज्या मुलांसाठी ती ओढायची, ती चर्चेच्या महिन्यांत गावात नसतात.

उत्तर शेवटी गुरुजींनीच दिले. आक्षेप घेणाऱ्याने तोडगाही द्यावा, हे तसे दुर्मीळच.

“तुमच्या चार थीम पुढं ओढा. सगळ्यात सकस ते दिवाळीच्या आत. पाऊस आहेच. घर आहेच. वाटही आत घ्या. तेर जवळ आहे. भाद्रपदात उघडीप मिळाली की न्या लेकरांना लामतुरे वस्तुसंग्रहालयात.”

तेरचे नाव निघाल्यावर मॅडमचा चेहरा उजळला. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तेरचा तगर म्हणून उल्लेख आहे. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि पैठणपासून तगर आणखी दहा दिवसांवर. तगरचे कापड गाड्यांत भरून भडोचला जात असे. चौथीच्या मुलाला यात भागाकार आहे, नकाशा आहे, आणि आपल्या जिल्ह्यातला माल रोमपर्यंत कशासाठी जात होता हा प्रश्न आहे. संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून तेर मुलांना आधीच ठाऊक असते. कारखान्याच्या वाटेवर निघणाऱ्या मुलाने त्याआधी ही दुसरी वाट पाहिलेली असावी, असे गुरुजींचे म्हणणे.

“मग दिवाळीनंतर काय ठेवू?”

“ताट. वेळ अमावस्येची भज्जी, अंबील, उंडे. त्यात किती डाळी, किती भाज्या, कुठल्या आपल्या शेतातल्या आणि कुठल्या बाजारातल्या. सोयाबीननं शिवार भरल्यावर ताटातलं काय गेलं, ते आयांना विचारा. आणि रोज सकाळी पाऊण तास नुसतं वाचन आणि पाढे, थीम असो वा नसो. तेवढं माझं ऐका.”

“पाऊण तास नाही, अर्धा,” मॅडम म्हणाल्या. गुरुजींनी घासाघीस केली नाही.

या दोघांत कुणाची सरशी झाली, हे ठरवण्यासारखे नाही. पण वर्षभराच्या प्रकल्पांबद्दल एक गोष्ट ठरवता येते. थीमचे कॅलेंडर राज्यभर एकच काढून पाठवले, तर त्याची टकळी होईल. धाराशिवचे कॅलेंडर उमरग्यात एक असेल आणि भूममध्ये दुसरे. तुळजापूरच्या शाळेला नवरात्रात पायी येणारे भाविक मोजता येतील, नळदुर्गच्या शाळेला बोरी नदीवरचा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल. परंड्याच्या शाळेला २०२५ च्या सप्टेंबरातला पूर, जेव्हा अडकलेल्या माणसांना काढायला हेलिकॉप्टर आणावे लागले. विषय चारच्या वर नसावेत, प्रत्येकात मुलांनी स्वतः लिहिलेला मजकूर वाचायला असावा, आणि दिवाळीच्या आत त्यातले तीन संपावेत.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळा जूनच्या मध्याला उघडते. समितीच्या पहिल्या बैठकीला रंगकाम, पाण्याची टाकी आणि गणवेश हे विषय निघतीलच. ते झाले की पालकांनी मुख्याध्यापकांना आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: यंदा शाळा कोणते चार विषय धरणार आहे, आणि दिवाळीनंतर गाव सोडणाऱ्या मुलांच्या वाट्याला त्यातले किती येणार आहेत?